काकवीच्या रंगाच्या पाच बाटल्या

गांगुर्डे मॅडम गेल्याची बातमी मला दहा दिवस उशिरा कळली. ओझरच्या घरी मागच्या ओट्यावर मी बंद पडलेल्या स्टोव्हचा बर्नर घासत बसलो होतो, तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता सिन्नरला शाळेत शिकवते. आधी तिने माझी तब्येत विचारली, नातवंडांचं विचारलं, मग म्हणाली, "काका, मॅडमचं तुम्हाला कळलंच असेल ना..." आणि थांबली. मला कळलं नव्हतं. ज्या बाईंबरोबर मी बारा वर्षं एका प्रयोगशाळेत काढली, त्या गेल्या हे मला सांगणारं कोणी नव्हतं. कॉलेजातल्यांना वाटलं घरच्यांनी कळवलं असेल, आणि घरच्यांकडे माझा नंबर नव्हता. नव्हता, कारण मी तो कधी दिलाच नव्हता. का दिला नाही, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. दीड महिना झाला, रोज कागद घेऊन बसतो आणि काहीतरी काम काढून उठतो.

मी दौलत शेजवळ. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. प्राध्यापक शिकवतात, आम्ही द्रावणं करून ठेवतो, बाटल्या धुतो, बर्नरचे नळ बघतो आणि ब्युरेट फोडणाऱ्या पोरांवर ओरडतो. मी धुतलेल्या काचेवर थेंबाचा डाग राहायचा नाही, याची मला भारी घमेंड होती. काचकामही थोडंफार यायचं. नळीचं तोंड ज्योतीवर धरून बंद करायचं, वाकवायची, जोडायची... प्राध्यापक मंडळी बाकी कशालाही हात लावत, पण काच तापवायची म्हटलं की "शेजवळांना बोलवा" असं व्हायचं. अशा माणसाला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटायला लागतं, तसं मलाही वाटायचं.

मॅडम, म्हणजे कुसुम गांगुर्डे, एक्क्याण्णवच्या जूनमध्ये आमच्याकडे लेक्चरर म्हणून आल्या. मूळच्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत फिटर होते, ते लवकर गेले. आई आणि धाकटी बहीण मंदा तिकडे, आणि मॅडम इकडे इंदिरानगरला दोन खोल्यांत एकट्या. लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्या बसल्या की शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामीच राहायची. जातीचं कारण कोणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं. महिनाभरात त्या डबा घेऊन आमच्या तराजूच्या खोलीत यायला लागल्या, आणि खरं सांगतो, पहिले काही दिवस मीही माझी भाकरी उचलून व्हरांड्यात जाऊन खाल्ली. मग एक दिवस त्यांनी मान वर न करताच विचारलं, "दौलतभाऊ, आज काय आणलंय?" मी म्हणालो, "मेथी हाय." त्या म्हणाल्या, "मग तिकडे उन्हात का खाताय? इकडे आणा." त्या दिवसापासून आमचे डबे एका टेबलावर आले आणि मी निवृत्त होईपर्यंत तसेच राहिले. तेवढ्या वर्षांत मला त्या व्हरांड्याची कधी त्यांनी आठवण करून दिली नाही.

त्यांची स्मरणशक्ती हा कॉलेजात चेष्टेचा आणि थोड्या धाकाचा विषय होता. कुठलंही रसायन मागा, मॅडम फळ्याकडे तोंड करूनच सांगणार, "तिसरं कपाट, वरून दुसरा खण, डावीकडून चौथी बाटली, बूच सैल आहे." मी जाऊन बघायचो, तर बूच सैल. पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या पोरीचा रोल नंबर त्यांना आठवायचा. त्यामुळे त्या कधी चिठ्ठ्या चिकटवत नसत. बाटलीवर पेन्सिलीने एक आकडा टाकायचा, बाकी सगळं डोक्यात. मी एकदा म्हणालो, "मॅडम, पुढच्या माणसाला कसं कळायचं?" त्या हसल्या. "पुढचा माणूस म्हणजे तुम्हीच ना? मला विचारा की." हे बोलणं मी तेव्हा कौतुकाने घरी जाऊन सांगितलं होतं.

नव्याण्णवच्या सुमाराला त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. वय सेहेचाळीस. विषय ऐकून विभागप्रमुखांनी भुवया उंचावल्या, आणि नाशिकात त्या विषयावर दोन वाक्यं बोलू शकेल असा माणूस त्यांना सापडला नाही. म्हणून त्या माझ्याशी बोलायच्या. डबा झाला की स्टुलावर बसून सांगत राहायच्या आणि मी पिपेट पुसत ऐकायचो. अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन आम्लात विरघळवतात आणि त्यातलं कामाचं तेवढं एका तेलकट द्रवात ओढून घेतात. तो द्रव रॉकेलच्या जातकुळीतला. पण इंधनातून सतत किरणोत्सर्ग होत असतो, त्याच्या माऱ्याने द्रवाचे रेणू तुटतात, तुकडे कामात अडथळा आणतात, शिवाय आगीची धास्ती वेगळी. मॅडम म्हणायच्या, याच्या जागी पातळ मीठ वापरता येईल का, हा प्रश्न आहे. "पातळ मीठ?" मी म्हणालो. "मीठ पातळ करायचं तर भट्टी लागंल की." त्या म्हणाल्या, "हेच तर. हे मीठ इथे, या टेबलावर, पाण्याशिवाय पातळ राहतं. वाफ होऊन उडत नाही, सहजासहजी पेट घेत नाही. आता ते मार किती सोसतं, एवढंच बघायचंय."

का सोसावं, हेही त्यांनी मला समजावलं. त्या मिठाच्या रेणूत अणूंचं एक कडं असतं. माऱ्याची ऊर्जा त्या कड्यावर आली की एका जागी राहत नाही, सगळ्या कड्यावर पसरते, त्यामुळे तुटायची वेळ फार थोड्यांवर येते. "आमच्याकडे पावसात ताडपत्री चौघं चार कोपऱ्यांना धरतात बघा," त्या म्हणाल्या. "वरून फांदी पडली तरी फाटत नाही. एकट्याने धरली तर पहिल्या झटक्यालाच जाते." मला रसायनशास्त्र किती कळलं देव जाणे, पण ते सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते अजून डोळ्यांपुढे आहे. वर्गातल्या मॅडम आणि या मॅडम निराळ्या होत्या. एवढं मोठं काही मनात घेऊन रोज घरी जायचं आणि दाराशी ते विचारायला कोणी नाही... हे मला आज जाणवतं. तेव्हा मला फक्त आपल्याला सांगतात याचा अभिमान होता.

ते मीठ करणं सोपं नव्हतं. तीन-तीन दिवस मंद आचेवर ठेवायचं, मग धुवायचं, मग कोळशाच्या भुकटीतून गाळून रंग काढायचा, मग निर्वातात वाळवायचं, कारण हवेतलं पाणी ते भसाभसा ओढून घेतं. शेवटी मधासारखा घट्ट आणि पाण्यासारखा बिनरंगी द्रव हाती यायचा. थोडी जरी पिवळी झाक दिसली की मॅडम म्हणायच्या, "परत." रंग म्हणजे मळ, रंग म्हणजे माल बिघडला... हे तर मीही तीस वर्षं पोरांना घोकून घेत आलो होतो. असा निर्मळ द्रव पाच काचनळ्यांत भरून मी स्वतः ज्योतीवर त्यांची तोंडं बंद केली. मुंबईच्या एका संशोधन केंद्रात गॅमा किरणांच्या यंत्रात त्या ठेवायच्या होत्या, आणि त्या यंत्राची पाळी मिळायला मॅडमना वर्षभर अर्ज करत राहावं लागलं. पाळी लागली तेव्हा थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन त्या एसटीने गेल्या. इकडे आमच्या शिपायाने जाहीर केलं की ते खोकं परत आल्यावर आपण त्या खोलीत झाडू मारणार नाही. क्ष-किरण काढलेला माणूस काही दिव्यासारखा चमकत नाही, तसंच हे, असं मॅडमनी त्याला आधीच समजावलं होतं. पण तो ऐकला नाही.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, मॅडम नळ्या घेऊन परत आल्या. मी त्या दिवशी रजेवर होतो. किरणांनी नळ्यांची काचच तपकिरी पडली होती, आतलं काही दिसेना, म्हणून त्यांनी त्या फोडल्या आणि द्रव पाच छोट्या बुचाच्या बाटल्यांत ओतला. एक ते पाच, पेन्सिलीने. दुसऱ्या कपाटात मागे ठेवल्या. सोमवारी त्या पुण्याला तपासणीला न्यायच्या होत्या. पण रविवारी इगतपुरीहून निरोप आला, आई पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि मॅडम तशाच निघून गेल्या.

सोमवारी मी आलो, तर कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून धावपळ चाललेली. प्रमुख म्हणाले, "शेजवळ, कपाटं आरशासारखी पाहिजेत." मला काय, तेच हवं होतं. दुसऱ्या कपाटात मागे पाच बाटल्या दिसल्या, आत काकवीच्या रंगाचं काहीतरी. मी त्या उजेडात धरल्या. असला काळपट रंग म्हणजे कुठल्यातरी पोरांचा करपलेला प्रयोग, याबद्दल मला तसूभरही शंका आली नाही. एका पाण्यात सगळं विरघळून गेलं. पेन्सिलीचे आकडे मी अंगठ्याने पुसले. फुटक्या काचांची बादली भंगारात गेली, रिकामं थर्माकोलचं खोकंही गेलं. समितीने प्रयोगशाळेच्या स्वच्छतेची खास तारीफ केली, आणि मी दिवसभर हवेत होतो.

शुक्रवारी मॅडम परत आल्या. सरळ दुसऱ्या कपाटाशी गेल्या. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दौलतभाऊ, इथे पाच बाटल्या ठेवल्या होत्या मी. तुम्ही पाहिल्यात?" प्रमुख शेजारीच उभे होते, नुकतंच त्यांनी चार जणांसमोर माझं कौतुक केलं होतं. आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघताच मला कळलं, मी काय धुतलं ते. वाळायच्या रॅकवर त्याच बाटल्या इतर बाटल्यांमध्ये उलट्या लावलेल्या होत्या. बोलताना मॅडमचा हात त्याच रॅकवर होता. मी म्हणालो, "नाय मॅडम. कपाट मीच साफ केलं, पण तसलं काय नव्हतं."

संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण डब्याच्या वेळी त्याच म्हणाल्या, "मला स्पष्ट आठवतंय हो, मी ठेवल्या. पण घाईत होते... नुसतं ठेवायचं मनात आलं असेल, आणि खोकं एसटीतच राहिलं असेल का?" त्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली आणि मी त्या वाटेने निघून गेलो. मी म्हणालो, "होतं मॅडम असं. आईचं टेन्शन होतं तुम्हाला." आई पडली ती रविवारी, बाटल्या ठेवल्या शनिवारी. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. तरी त्यांनी मान हलवली.

त्यांनी मुंबईला फोन केला, नळ्या तिकडेच तर राहिल्या नाहीत ना म्हणून. तिकडच्या साहेबांनी रजिस्टर काढून वाचून दाखवलं, नेल्याची सही तुमचीच आहे. पुन्हा पाळी हवी असेल तर आधीच्या नमुन्यांचं काय झालं ते लेखी द्या, असंही सांगितलं. मॅडमनी पत्र लिहिलं, 'नमुने माझ्या हलगर्जीपणामुळे गहाळ झाले.' मला ते दाखवून विचारलं, "हलगर्जीपणा बरोबर आहे ना शब्द?" मी बरोबर आहे म्हणालो. पाकीट मीच पोस्टात टाकलं.

पाळी काही मिळाली नाही. मग त्यांचे मार्गदर्शक निवृत्त झाले, आई वर्षभराने गेली, आणि पीएच.डी.चा विषय मॅडमनी काढायचा बंद केला. माझ्या निवृत्तीच्या जरा आधी त्या एक झेरॉक्स घेऊन आल्या. परदेशातल्या कुणीतरी तसलीच मिठं गॅमा किरणांखाली ठेवून लेख छापला होता. "बघा," मॅडम म्हणाल्या, "हे मीठ मार सोसतं. रंग पार काळवंडतो, पण आत शंभरातला एखादाही रेणू मोडलेला नसतो. रंगावर जायचंच नाही, दौलतभाऊ. आपलं बरोबर होतं!" आपलं, म्हणाल्या. हसत होत्या. दुसऱ्याच्या नावावर छापलेलं स्वतःचं काम हातात धरून त्या हसत होत्या, कारण ते दाखवायला त्यांना जगात मी एकटाच होतो. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. एकदा सीबीएसला, नाशिकच्या एसटी स्टँडवर, मी ओझरच्या गाडीची वाट बघताना भेटल्या. केस बरेच पिकले होते, बाकी तशाच. "या ना एकदा, मंदाही असते आता माझ्याकडे," म्हणाल्या. मी म्हणालो, "येतो की." गाडी लागली. खिडकीतून मी हात केला, त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेऊन उलट हात केला... आमची तेवढीच शेवटची भेट. इंदिरानगर काही परदेशात नव्हतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि ती लाज मी वेळ नाही, गुडघे दुखतात, अशा नावांनी सात वर्षं सांभाळली.

बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गेलो. मंदाताईंनी दार उघडलं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "शेजवळभाऊ ना? ताई तुमचं सारखं नाव काढायची. बसा, चहा टाकते." झोपेतच गेल्या म्हणाल्या, हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसलो. आणि मग मला भिंत दिसली. गॅसच्या वर, नळाजवळ, बाहेरच्या दाराच्या कडीशी, सगळीकडे गोल कागद चिकटवलेले. आमच्या प्रयोगशाळेतले गाळायचे कागद. प्रत्येकावर मॅडमचं अक्षर. 'गॅस बंद केला. मी स्वतः पाहिले.' 'नळ बंद केला. मी स्वतः पाहिले.' खाली तारीख, आणि तारखेखाली पूर्ण सही, रजिस्टरमध्ये करतात तशी.

"हे काय हो?" मी विचारलं.

"ती सवयच होती तिला," मंदाताई म्हणाल्या. "रोज नव्या चिठ्ठ्या लिहायची. विसरायची नाही हो काहीच. डॉक्टर म्हणाले, बाईंची आठवण तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. पण तिचा स्वतःवर भरवसाच राहिला नव्हता. कॉलेजात काहीतरी हरवलं होतं ना तिच्या हातून, तेव्हापासून. आपल्याला जे आठवतं ते खरंच घडलं का, असं म्हणायची. कुलूप लावून बसस्टॉपवरून परत यायची. कॉलेजच्या पोरी हसायच्या तिला. मी पण चिडायचे कधीकधी."

मी झेरॉक्सच्या दिवशीच्या त्यांच्या बोलण्याचा विचार करत होतो. मिठाचा रंग बघून मी आतलं बिघडलं म्हणून ठरवलं, आणि मॅडम बाहेरून तशाच दिसल्या म्हणून आत काही मोडलं नाही असं धरून चाललो. दोन्ही वेळा चुकलो. पहिल्या चुकीला निदान अज्ञानाचं निमित्त होतं.

मी मंदाताईंना सांगितलं. सगळं, जसं वर लिहिलंय तसं, रॅकवरच्या बाटल्यांसकट. आठ वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि ते ऐकायचा ज्यांचा हक्क होता त्याच नव्हत्या. चहा उतू गेला. मंदाताईंनी गॅस बंद केला, पण ओट्याशीच उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "तिला सांगायचं होतं ना, भाऊ. ती काय बोलली असती तुम्हाला?"

मग आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. जुन्या चिठ्ठ्या मॅडम फेकत नसत, तारखेप्रमाणे रचून ठेवत. मंदाताईंनी सगळा गठ्ठा उलटा केला आणि सगळ्यात खालचा कागद माझ्यासमोर ठेवला. पिवळा पडला होता. त्या शुक्रवारचीच तारीख होती. पेन्सिलीने लिहिलेलं, अजून अगदी स्पष्ट. 'बाटल्या दुसऱ्या कपाटात ठेवल्याचे मला आठवते. दौलतभाऊंना विचारले. ते म्हणतात, नव्हत्या. ते खोटे बोलणार नाहीत. म्हणजे मला चुकीचे आठवते. यापुढे सर्व लिहून ठेवणे.'

मी तो कागद मागितला. मंदाताईंनी मान हलवली. "नको, भाऊ. तिचा आहे," म्हणाल्या, आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी परत ठेवून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.